बीएस्सी केमिस्ट्री दुसरं वर्ष, घरात चार जणांचे चार सल्ले. पुढे काय?

प्रीतिसंगम_२००६

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, शुद्धलेखन पोटात घाला.

मी कराडला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मेजर केमिस्ट्री. बाबा एसटीत कंडक्टर, रिटायरमेंटला ४ वर्षं राहिलीत, आई शिवणकाम करते, बहीण दहावीला. बारावीनंतर नीट दिली होती, नंबर लागला नाही, रिपीट करायला पैसे नव्हते आणि खरं सांगायचं तर इच्छापण नव्हती, म्हणून बीएस्सी.

आता घरात असं चाललंय. मामा पोलिसात आहे, तो म्हणतो एमपीएससी कर, निदान पीएसआय तरी हो. आई म्हणते बीएड कर, शाळेत लागलास की माझी काळजी मिटली. शेजारचा दादा पुण्यात आयटीत आहे, तो म्हणतो केमिस्ट्रीत काय ठेवलंय, ९० हजाराचा डेटा सायन्सचा कोर्स आहे, ईएमआयवर मिळतो. आणि आमचे सर म्हणतात एमएस्सी कर. मी चौघांनाही हो म्हणून बसलोय.

माझा प्रश्न बाळबोध वाटेल, पण करिअर प्लॅन करायचं म्हणजे नक्की करायचं तरी काय असतं? वही घेऊन बसलो की दोन ओळी लिहितो, मग डोकं जड होतं आणि रील बघत बसतो.

मिरचीभजी

चौघांनाही हो म्हणतोस म्हणजे तुला राजकारणात वाव आहे.

लोटेकर

प्रीतिसंगम, स्वागत. मी १९९१ साली बीएस्सी होऊन लोटे परशुरामला एका केमिकल कंपनीत क्यूसीला (मालाची तपासणी करणारी लॅब) लागलो, मागच्या वर्षी रिटायर झालो. आमच्या वेळी प्लॅन वगैरे काही नव्हता, चिपळूणचा एक मित्र म्हणाला जागा आहे, गेलो, बस्स.

केमिस्ट्रीत काय ठेवलंय असं म्हणणाऱ्या दादाला सांग की लोटे, महाड, रोहा, तारापूर, कुरकुंभ, पाताळगंगा, अंबरनाथ हे सगळे पट्टे केमिस्टवरच चालतात. पण गोड गोड चित्र नाही रंगवणार. फ्रेशर बीएस्सीला पहिली दोन-तीन वर्षं बहुतेक कॉन्ट्रॅक्टवर ठेवतात, पगार कमी, तीन शिफ्ट. सकाळी आरएमचं (कच्च्या मालाचं) सॅम्पल, मग इनप्रोसेस, मग फिनिश्ड. टायट्रेशन, केएफ (ओलावा मोजायची चाचणी), जीसी, एचपीएलसी (घटक वेगळे करून मोजणारी यंत्रं). एखादा रिझल्ट ओओएस (ठरलेल्या मर्यादेबाहेर) आला की प्रॉडक्शनवाला डोक्यावर येऊन उभा राहतो, "परत इंजेक्ट कर ना" म्हणून. त्या वेळी जो ठामपणे नाही म्हणतो तोच पुढे जातो, बाकीचे ऑडिटमध्ये सापडतात. एचपीएलसी स्वतः चालवता येणं आणि कॉलेजात लांबून बघितलेलं असणं यात जमीनअस्मानाचा फरक, इंटरव्ह्यूत पाच मिनिटांत कळतं.

सदाशिवपेठी_कॉट

एमपीएससीबद्दल मीच बोलतो, सहा वर्षं दिलीत. अधिकारी झालो नाही हे आधीच सांगून टाकतो म्हणजे कुणी अभिनंदन करायला नको.

मित्रा, मामाला म्हणावं आता राज्यसेवा पूर्वीची राहिलेली नाही. २०२५ पासून मुख्य परीक्षा यूपीएससीसारखी वर्णनात्मक झाली. लेखी १७५० मार्क, मुलाखत २७५. हा पॅटर्न २०२३ लाच येणार होता, पुण्यात पोरं रस्त्यावर बसली म्हणून पुढे गेला. मीही बसलो होतो त्या आंदोलनात, आणि तेव्हा मनात हे होतं की आणखी दोन वर्षं जुन्या पॅटर्नची मिळाली. त्या दोन वर्षांनीच माझा घात केला. नसती मिळाली तर तेव्हाच बाहेर पडलो असतो.

कॉट बेसिसची खोली, अभ्यासिकेची फी, मेसचा डबा, टेस्ट सिरीज. महिन्याला घरून किती मागवतो याचा हिशोब मी चार वर्षं लिहिलाच नाही, भीती वाटायची. खुल्या गटाला वयाची मर्यादा ३८, मागासवर्गीयांना ४३, आणि हीच खरी मेख आहे. दार बंदच होत नाही त्यामुळे माणूस उंबऱ्यावर बसून राहतो.

करू नको म्हणत नाही. माझ्या खोलीतला एकजण तहसीलदार झाला आणि तो मनापासून चांगला अधिकारी आहे. पण किती अटेम्प्ट देणार हा आकडा आत्ता, डोकं थंड असताना, कागदावर लिही आणि तो कागद आईकडे दे. स्वतःकडे ठेवलास तर फाडशील.

पाऊसवेडी

+१ कॉटजी. शेवटच्या दोन ओळी वाचून पोटात तुटलं.

आनंदयात्री_पुणेकर

मला वाटतं सगळे उगाच घाबरवताय मुलाला. मनाला काय आवडतं ते ओळख आणि त्यात झोकून दे, पैसा आपोआप मागे येतो. मी फोटोग्राफीसाठी नोकरी सोडली.

मिरचीभजी

आनंदयात्री, कोथरूडचा फ्लॅट कुणाच्या नावावर आहे?

आनंदयात्री_पुणेकर

वडिलांच्या. पण त्याचा इथे काय संबंध?

मिरचीभजी

काही नाही हो, सहज विचारलं.

गोदाकाठची_आई

भांडू नका रे. मी पालक म्हणून लिहिते. माझा मुलगा नाशिकला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यालाही आवडतं काय हे माहीत नाही. कसं माहीत असणार? शाळा, क्लास, क्लासहून घरी, यातून त्याने बघितलंयच काय? आम्ही त्याला कधी बँकेत एकटं पाठवलं नाही आणि आता म्हणतो करिअर निवड. प्रीतिसंगम, तुझ्या आईचं बीएडचं म्हणणं काळजीपोटी आहे पण त्यांना हे सांग की बीएड आता दोन वर्षांचं आहे, आधी सीईटी, नंतर अभियोग्यता चाचणी आणि मग पवित्र पोर्टलवर शिक्षकभरतीची जाहिरात येण्याची वाट. माझी नणंद अशी वाट बघत खाजगी शाळेत शिकवतेय, पगाराचा आकडा इथे लिहायला लाज वाटते. शिकवायची खरीच आवड असेल तर जरूर कर, फक्त लवकर चिकटशील म्हणून करू नको.

सीएचबी_मॅडम

माझा आयडीच माझं करिअर आहे. एमएस्सी ऑरगॅनिक, सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) पास, ८ वर्षं सीएचबी म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवते. दर जूनला नवा अर्ज, नवी मुलाखत, तेच पॅनल, तेच प्रश्न. मे महिन्याचं मानधन शून्य. तुझे सर एमएस्सी कर म्हणतात ते योग्यच आहे, पण त्यांना हळूच विचार की सर तुम्ही परमनंट आहात का आणि कोणत्या साली लागलात. एमएस्सी म्हणजे प्राध्यापकी हे गणित त्यांच्या वेळचं आहे.

आता मूळ प्रश्न. तुला नवीन शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात ओजेटी असेल. ऑन जॉब ट्रेनिंग, ४ क्रेडिट, १२० तास. आमच्या कॉलेजात ते माझ्या गळ्यात आहे आणि मला येणारी सर्टिफिकेटं सांगते: झेरॉक्सचं दुकान, काकांचं मेडिकल, एका मुलाने तर मंगल कार्यालयाचं आणलं, 'केमिकल अ‍ॅनालिसिस' केलं म्हणून. मी विचारलं कशाचं रे? म्हणाला मॅडम, बासुंदीचं.

लोटेकर

बासुंदीचं 😂😂 हहपुवा. त्याला मी घेतला असता.

प्रीतिसंगम_२००६

मॅडम, खरं सांगू का, आमचा तिघांचा तोच प्लॅन होता. मित्राच्या चुलत्याची पॅथॉलॉजी लॅब आहे, ते म्हणाले सही करून देतो, यायची गरज नाही.

सीएचबी_मॅडम

बघा! हा मुलगा विचारतोय की प्लॅन करायचा म्हणजे काय, आणि १२० तास आत जाऊन बघायची फुकट संधी आहे ती सही घेऊन मोकळा होतोय. अरे वेड्या, वहीत काय लिहिणार? बघितलं असेल तर लिहिशील ना!

साखर_कमी

मॅडमना अनुमोदन. मी वाळवा तालुक्यातला, साखर कारखान्यात लॅब केमिस्ट होतो, आता डिस्टिलरीला आहे. कराडच्या पोराला केमिस्ट्रीची नोकरी लोट्याला शोधायला लावताय, अरे त्याच्या आजूबाजूला धुराडी आहेत की. कृष्णा आणि कोयनेच्या काठानं कुठल्याबी दिशेला गाडी काढ, तासाभरात कारखाना लागतो.

हंगाम चालू आहे, आत्ताच जा. उन्हाळ्यात गेलास तर नुसती दुरुस्ती बघशील. लॅबला तासातासाला रस येतो, पहिल्या गिरणीचा, मिक्स ज्यूस, शेवटच्या गिरणीचा. ब्रिक्स (रसात विरघळलेले एकूण पदार्थ), पोल (त्यातली साखर), प्युरिटी काढायची, बगॅसचा (उसाच्या चोथ्याचा) पोल आणि ओलावा, चुना आणि गंधकाचा धूर दिलेल्या रसाचा पीएच. बगॅसमध्ये पोल थोडा जरी जास्त निघाला तरी ती साखर बॉयलरात जळाली समज, त्यामुळे रात्री तीन वाजता मिलवाल्याला उठवायचं काम केमिस्टचं. शिफ्ट पहाटे चारला बदलते. आणि नवीन पोराला सीझनल घेतात, हंगाम संपला की घरी, परमनंट सीझनल असलास तर रिटेन्शन (बंद काळातला काही पगार) मिळतं.

बीएस्सीनंतर मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटला साखर तंत्रज्ञान आणि अल्कोहोल तंत्रज्ञानाचे डिप्लोमा आहेत. मी अल्कोहोलचा केला. (घरी सांगताना फर्मेंटेशन म्हणायचं, सासऱ्यांनी पहिल्यांदा गैरसमज केला होता.) पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून डिस्टिलरीचं काम वाढलंय.

मिरचीभजी

अल्कोहोलचा डिप्लोमा. आमच्या हॉस्टेलवर अर्धी बॅच डॉक्टरेट होती.

रिटॉर्ट_स्टँड

मी पण बीएस्सी सेकंड इयर, रत्नागिरीहून. लोटेकर काका, साखरवाले दादा, तुम्ही रात्रीच्या शिफ्टचं लिहिलंय. मुलींचं काय? आमच्या कॉलेजला एक कंपनी आली होती, नोटीसवर लिहिलं नव्हतं पण यादीत सगळे मुलगेच. सरांना विचारलं तर म्हणाले त्यांना शिफ्टला लागतात.

लोटेकर

बाळ, प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर देताना मला थोडं ओशाळं वाटतं कारण मी स्वतः अशा याद्या केल्यात. कायद्यात पूर्वी कारखान्यात बायकांना संध्याकाळी सातनंतर काम द्यायला बंदी होती. महाराष्ट्राने नंतर दुरुस्ती करून वाहतूक, सुरक्षा वगैरे अटींवर परवानगी दिली. पण कंपनीला त्या अटींचा खर्च आणि जबाबदारी नको असते म्हणून मुलगेच बोलावतात. मोठ्या फार्मा कंपन्यांत क्यूसी, क्यूए (गुणवत्तेची हमी बघणारा विभाग), आर अँड डी, डॉक्युमेंटेशन इथे मुली भरपूर आहेत, जनरल शिफ्टला. आमच्याकडे शेवटच्या काही वर्षांत क्यूए हेड बाईच होत्या आणि त्यांच्यापुढे प्लांट हेडची दातखीळ बसायची. तू प्रॉडक्शनपेक्षा अ‍ॅनालिटिकलकडून आत शिर.

रिटॉर्ट_स्टँड

थँक्यू काका. पण मला प्लांटच बघायचाय.

लोटेकर

मग ओजेटीला लोट्याला ये. कुणाला फोन करायचा ते व्यनि (खाजगी निरोप) करतो.

एल्बेकाठी

उशिरा आले धाग्यावर. मी साताऱ्याची, सध्या जर्मनीत हांबुर्गजवळ, पॉलिमरमध्ये पीएचडी चालू आहे. बीएस्सी एका साध्या कॉलेजातून, मग जॅम देऊन आयआयटीतून एमएस्सी.

प्रीतिसंगम, जॅमबद्दल कुणीच कसं बोललं नाही? आयआयटीमधल्या एमएस्सीसाठीची परीक्षा, आयआयएससीसुद्धा हा स्कोअर घेतं, आणि एनआयटीच्या जागा सीसीएमएन नावाच्या सामायिक प्रवेशफेरीतून भरतात त्याही यावरच. साधारण सप्टेंबरपासून फॉर्म, फेब्रुवारीत पेपर. ६० प्रश्न, १०० मार्क, ३ तास. साध्या एमसीक्यूला चुकलं तर मार्क कापतात पण आकडी उत्तराच्या आणि एकाहून जास्त पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांना निगेटिव्ह नाही. युनिव्हर्सिटीच्या पेपरात आपण व्याख्या पाठ करून ८० काढतो, इथे फिजिकल केमिस्ट्रीची गणितं येतात आणि फेस येतो. मी पहिला मॉक दिला तेव्हा १४ मार्क होते. लिहून ठेवलाय अजून तो आकडा.

दुसरं म्हणजे विज्ञान अकादम्यांची समर फेलोशिप असते, दोन महिने कुठल्या तरी संशोधन संस्थेत जाऊन काम करायचं, स्टायपेंड मिळतो. मला पहिल्या वर्षी नकार आला, दुसऱ्या वर्षी मिळाली. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा निअस म्हणून कार्यक्रम आहे तोही बघ. पुण्यात एनसीएल आहे, आयसर आहे (दोन्ही संशोधन संस्था), ओपन डे असतात, नुसतं जाऊन फिरून ये. मी एनसीएलच्या गेटमधून पहिल्यांदा आत गेले तेव्हा लक्षात आलं की संशोधन करणारी माणसंसुद्धा टपरीवर चहा पितात आणि रोज तेच तेच दळण चाललंय म्हणून रडतात. तोवर मला वाटायचं ती वेगळ्याच कुणाची तरी मुलं असतात.

सदाशिवपेठी_कॉट

एल्बेकाठी, जर्मनीत फुकट शिक्षण म्हणून पुण्यात बोर्ड लावलेत, खरं आहे का? भाच्यासाठी विचारतोय.

एल्बेकाठी

अर्धं खरं. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाही, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात बाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो आहेत, म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही फी लावलीय. आणि व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे बारा लाखांच्या आसपास. ते पैसे तुझेच, दर महिन्याला थोडे सुटतात, पण आधी आणायचे कुठून? शिवाय भारतीयांना एपीएस सर्टिफिकेट (शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचा दाखला) लागतं. प्रीतिसंगमच्या घरची परिस्थिती बघता मी आधी जॅम म्हणेन. परदेश पीएचडीला येतोच, तेव्हा पगार ते देतात.

कोयनाबॅकवॉटर

आयटीवाल्या दादाच्या कोर्सबद्दल लिहितो. मी डेटामध्येच काम करतो. ९० हजार देऊ नकोस. पायथन आणि एसक्यूएल एनपीटीईएल, स्वयम या सरकारी ऑनलाइन कोर्सवर फुकट शिक, दोन महिने रोज एक तास. आवडलं तर पुढचं बघू, नाही आवडलं तर ९० हजार वाचले. माझ्या चुलतभावाने अशाच एका क्लासला ईएमआयवर पैसे भरले, 'शंभर टक्के प्लेसमेंट सहाय्य' लिहिलं होतं. सहाय्य म्हणजे जाहिरातींच्या लिंका व्हॉट्सअ‍ॅपला फॉरवर्ड. हप्ते अजून चालू आहेत. केमिस्ट्री येणारा आणि वर थोडं कोडिंग येणारा माणूस मात्र दुर्मिळ असतो हे लक्षात ठेव.

हळदीकुंकू_एक्स्प्रेस

अवांतर: बाबा एसटीत आहेत म्हणालास, कुठला डेपो? माझे सासरे पाटण डेपोला होते.

प्रीतिसंगम_२००६

कराडच आगार काकू. पाटण रूटला पण असायचे आधी. विचारतो बाबांना.

(सगळ्यांचं वाचतोय, उत्तर सावकाश देतो, सेमिस्टरचे पेपर आहेत.)

मिरचीभजी

धागाकर्ता गेला. आता आपण मिसळ कुठली चांगली यावर बोलू शकतो.

साखर_कमी

कराडला असताना कोल्हापूरचं नाव काढलं तर बॅन करा ह्याला.

गोदाकाठची_आई

आणि नाशिकचं काढलं नाही तरी करा.

*(पाच आठवड्यांनंतर)*

प्रीतिसंगम_२००६

धागा वर काढतोय, माफी असावी. पेपर झाले आणि साखरदादांनी व्यनित सांगितलं त्याप्रमाणे कारखान्यात ओजेटी मिळालं. १२० पैकी ७० तास झालेत. दोन मित्रांनी पॅथॉलॉजीची सही घेतली, ते मला हसतात.

पहिले तीन दिवस लॅबला होतो. ब्रिक्स काढायला भारी वाटलं, दुसऱ्या दिवशी ठीक, तिसऱ्या दिवशी घड्याळ बघायला लागलो. तेच सॅम्पल, तोच रजिस्टर. लॅबचे साहेब चांगले होते पण माझ्याच्याने आयुष्यभर होणार नाही हे कळलं. वाईट वाटलं, कारण सगळ्यात सोपा रस्ता तोच होता. रात्री बाबांना सांगितलं तर म्हणाले, मी ३० वर्षं तेच तिकीट फाडतोय, तुला तीन दिवसांत कंटाळा आला? मग थोड्या वेळाने म्हणाले, बरं झालं आत्ताच आला.

मग साखरदादांनी डिस्टिलरीकडे पाठवलं आणि तिथून स्पेंटवॉशकडे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मळीपासून अल्कोहोल काढलं की मागे जे काळं-तपकिरी पाणी उरतं ते. एक लिटर अल्कोहोलमागे आठ-दहा लिटर, कधी जास्तच. सीओडी (पाण्यातली घाण मोजायचा आकडा) लाखाच्या घरात. आधी डायजेस्टरमध्ये (बॅक्टेरियाच्या बंद टाकीत) घालून त्यातून गॅस काढतात, तो बॉयलरला जातो. तिथले ऑपरेटर काका दहावी पास आहेत पण पीएच न बघता डायजेस्टर "आंबलाय का" ते वासावरून सांगतात. मी विचारलं की गॅस निघून गेल्यावरही रंग तसाच का राहतो? काका म्हणाले, ते तू शिकतोस ना, तूच सांग.

मला सांगता आलं नाही. कॉलेजला जाऊन सरांना विचारलं. ते म्हणाले मेलॅनॉइडिन, साखर आणि अमिनो आम्लाची अभिक्रिया, भाकरी करपते तीच. बॅक्टेरियाला सहज पचत नाही. सरांनी एक पेपर दिला वाचायला, इंग्रजी जड आहे, चार दिवसांत दोन पानं झाली, पण रील बघितले नाहीत.

तर आता मामाला अजून हो म्हणतोय (तो रागावतो), आईला शिकवण्याच्या नोकरीबद्दल मॅडमनी आणि गोदाकाठच्या काकूंनी लिहिलेलं वाचून दाखवलं, ती गप्प झाली, मग म्हणाली त्या बाईंना पगार वाढवून द्यायला हवा. पायथन आठवड्याला तीन दिवस चालू आहे. समर फेलोशिपची मुदत गेली, पुढच्या वर्षी. जॅमचा जुना पेपर सोडवला, ११ मार्क. एल्बेकाठी ताई, तुमच्यापेक्षा ३ कमी.

प्रश्न असा की हे सांडपाण्याचं केमिस्ट्रीत येतं का एनव्हायर्नमेंटमध्ये? एमएस्सी कशात करायची?

एल्बेकाठी

११ म्हणजे उत्तम! दोन्हींत येतं. माझं मत, एमएस्सी केमिस्ट्रीतच कर, अ‍ॅनालिटिकल किंवा फिजिकल, आणि प्रोजेक्ट सांडपाण्यावर घे. दारं जास्त उघडी राहतात.

सीएचबी_मॅडम

इथे मी असहमत. शिवाजी विद्यापीठात एनव्हायर्नमेंटल सायन्सचा विभाग आहे, घरून जवळ, फी परवडणारी. प्रत्येकाला आयआयटी कशाला? पण जॅम दे, द्यायला काय जातंय. आणि तुझ्या आईला नमस्कार सांग.

लोटेकर

प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या लॅब असतात, नागपूरला नीरी ही पर्यावरणाची संशोधन संस्था आहे. आणि कुठल्याही केमिकल कंपनीत ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) सांभाळणाऱ्या माणसाला कुणी विचारत नाही, फक्त मंडळाचा माणूस गेटवर आला की सगळे त्यालाच शोधतात. त्या खुर्चीवर केमिस्ट्री पक्की असलेली माणसं फार कमी बघितली मी.

सदाशिवपेठी_कॉट

मामाला सांग, मंडळाची भरतीपण सरकारीच असते. दोघांचं समाधान.

रिटॉर्ट_स्टँड

मी सोमवारपासून लोट्याला जातेय. काकांनी ओळख दिली. जनरल शिफ्टच दिलीय पण एक दिवस रात्री थांबू देतील का विचारणार आहे. सेफ्टी शूज स्वतःचे आणायला सांगितलेत, माझ्या मापाचे चिपळुणात मिळत नाहीयेत, कुणाला दुकान माहीत आहे का?

साखर_कमी

मुलांचे पाच नंबर बघ, तेच बसतात. आमच्या मायक्रोबायोलॉजीच्या मॅडम तेच घालतात.

मिरचीभजी

स्पेंटवॉश, करपलेली भाकरी, पाच नंबरचे बूट. मिसळीचा विषय राहूनच गेला.